जंगलाचं जळतन कुठवर पुरतं?

नागपूरच्या लकडगंजातल्या लाकडाच्या टालीवर जळाऊ लाकूड किलोवर मिळतं. ऑगस्टमध्ये घ्या किंवा मे महिन्यात घ्या, काटा तोच आणि भावही साधारण तोच. पण दोन्ही वेळी आपण विकत घेतो ती वस्तू एक नसते. जंगलाच्या लाकडापासून ऊर्जा मिळवावी की नाही, असा विषय निघाला की बोलणं लगेच वाघ, सरकार आणि हवामान बदलावर जातं. तिथे आपणही जाऊ. पण आधी काट्यावरच्या दहा किलोंबद्दल बोलू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

नुकतंच तोडलेलं झाड वजनानं जवळजवळ निम्मं पाणी असतं. म्हणजे दहा किलो ओल्या फाट्यांमध्ये पाच किलो लाकूड आणि पाच किलो पाणी. पूर्ण कोरडं लाकूड किलोमागे सुमारे ४,४०० किलोकॅलरी उष्णता देतं. त्या हिशेबानं पाच किलोंतून २२,००० किलोकॅलरी निघतील, आणि त्यातल्या साधारण ३,००० पाण्याची वाफ करण्यात जातील. उरल्या १९,०००. तेच लाकूड विदर्भाच्या उन्हाळ्यात नीट वाळलं की त्यातली ओल १२ ते १५ टक्क्यांवर येते. मग दहा किलोंतून ३६,००० च्या आसपास किलोकॅलरी मिळतात, जवळपास दुप्पट.

वाफ करण्यात गेलेली उष्णता हे त्यातलं लहान नुकसान. खरा घात वेगळाच आहे. पाणी सुटत असेपर्यंत लाकूड पुरतं तापतच नाही, जाळ थंड राहतो, आणि थंड जाळात लाकडातून निघणारे वायू न जळताच वर निघून जातात. त्यालाच आपण धूर म्हणतो. पवनीकडच्या माझ्या मावशीचं एक वाक्य लहानपणापासून कानात आहे : ‘ओल्या जळतनानं डोळे शिजतात, भात नाही.’ तिनं ज्वलनाचं शास्त्र शिकलं नव्हतं, पण तिचं म्हणणं तंतोतंत खरं होतं.

वाळलेलं लाकूड ओळखणं अवघड नाही. कापलेल्या टोकाला मधून बाहेर जाणाऱ्या भेगा दिसतात, साल सैल होऊन सुटते, आणि दोन फाटे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज दबका येतो. रचताना खाली दोन आडवी लाकडं टाकायची म्हणजे हवा खेळते, वरून पत्रा झाकायचा, आणि बाजू उघड्या ठेवायच्या. ताडपत्रीनं चारही बाजूंनी गुंडाळलेलं लाकूड वाळत नाही, बुरशी धरतं. जाड ओंडका सालीसकट तसाच ठेवला तर दोन उन्हाळेसुद्धा पुरत नाहीत. फोडून ठेवला तर एकात होतो.

जळतं ते लाकूड नव्हे

चुलीकडे नीट पाहिलं तर एक गंमतशीर गोष्ट दिसते. जाळ लाकडाला चिकटलेला नसतो, तो लाकडाच्या किंचित वर असतो. लाकूड दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे तापलं की त्याचं विघटन सुरू होतं आणि त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. जळतात ते हे वायू. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघून जातो. मागे राहतो तो कोळसा, म्हणजे निखारा. तो ज्वाळेशिवाय शांतपणे जळतो.

चुलीची सगळी कारागिरी या एका गोष्टीत आहे. लाकडाखालून हवा मिळाली तर निखारा फुलतो. पण वर निघालेल्या वायूंनाही हवा लागते, आणि तीही ते गरम असतानाच. फुंकणीनं फुंकलं की धूर थांबून एकदम जाळ उठतो, तो त्यामुळे. तीन दगडांच्या चुलीत हवा मनाला येईल तिकडून येते. जाळ वाऱ्याबरोबर हलतो आणि बरीचशी उष्णता भांड्याच्या बाजूनं निघून जाते. अशा चुलीत लाकडातली जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचते.

लोक नेहमी विचारतात, कोणतं लाकूड चांगलं? आपल्याकडच्या कोरड्या पानझडी जंगलात धावडा हे जळणासाठी उत्तम मानतात. जड, घट्ट, निखारा दीर्घ काळ टिकणारा. कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच होतात. बाभूळही चांगली. पळस हवनाच्या समिधांना मान देऊन ठेवलेला आहे, चुलीत मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. सावर भुरकन जळून जाते. बांबूची पेरं फुटतात, म्हणून घरात जपून. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पूर्ण वाळल्यावर किलोला किलो सगळ्या लाकडांची उष्णता जवळपास सारखीच असते. धावड्याच्या एका फाट्यात सावरीच्या तेवढ्याच फाट्यापेक्षा कितीतरी जास्त वजन मावतं, म्हणून तो पुरतो. किलोवर घेताना झाडाच्या जातीपेक्षा ओल पाहा.

एक सिलिंडर म्हणजे किती मोळ्या?

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एलपीजीची उष्णता किलोमागे सुमारे ११,००० किलोकॅलरी, आणि शेगडी त्यातली ६० टक्के तरी भांड्याला देते. म्हणजे एका सिलिंडरमागे साधारण ९४,००० किलोकॅलरी कामाला येतात. तेवढंच काम तीन दगडांच्या चुलीवर करायचं तर कोरडं लाकूड किती लागेल? किलोमागे ३,६०० किलोकॅलरी, त्यातले १२ टक्के भांड्याला, म्हणजे जेमतेम ४३०. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे २२० किलो. डोक्यावरची मोळी पंचवीस किलोंची धरली तर जवळपास नऊ मोळ्या, म्हणजे जंगलात नऊ खेपा.

आता चूल बदलू. खाली जाळी, बाजूनं बंदिस्त, हवेला नेमकी वाट आणि भांडं बेतानं बसेल असं तोंड. अशा चुलीत २५ टक्के उष्णता भांड्याला मिळाली, तर २२० किलोंचे १०५ किलो होतात. नऊ खेपांच्या जागी चार-साडेचार. एकही झाड न लावता जंगलावरचा भार निम्म्यावर येतो. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण जंगल वाचवण्याच्या चर्चेत चुलीच्या बनावटीबद्दल कुणी बोलतच नाही.

यावर आपल्याच भागात काम झालेलं आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चाले. मातीची, धुराडं असलेली ‘मगन चूल’ तिथलीच. पुढे केंद्र सरकारनं १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि ‘निर्धूर चूल’ हा शब्द गावागावांत पोचला. तो कार्यक्रम २००२ मध्ये थांबला. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनंही ‘नीरधूर’ नावाची चूल तयार केली. तरीही बहुतेक गावांत दगडांची नाहीतर मातीची उघडी चूल दिसतेच. माझ्या पाहण्यातलं कारण साधं आहे. वरून दिलेल्या चुलीचं तोंड लहान, म्हणून लाकूड बारीक फोडावं लागतं. धुराड्यात काजळी साचली की साफ कोण करणार ते ठरलेलं नसतं. आणि भाकरीचा तवा किंवा आंघोळीच्या पाण्याचा हंडा तिच्यावर नीट बसत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला न विचारता केलेली चूल पहिल्या पावसाळ्यात कोपऱ्यात जाते.

धुराबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभर सुमारे ३२ लाख माणसं दगावली. घरात चूल पेटते तेव्हा तिच्यासमोर बसलेली असते बाई, आणि तिच्या कडेवर मूल. ‘चुलीवरची चव’ म्हणून आपण शहरातले लोक जे कौतुकानं खातो, ते उघड्यावर, मोकळ्या हवेत रांधलेलं असतं. सावजी जेवणातलं मटण किंवा उलट्या मडक्यावरची लंबी रोटी मलाही लाकडाच्याच आचेवरची आवडते. पण बंद खोपटात रोज दोन वेळा चूल पेटवणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे गॅस पोचलाच पाहिजे. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे जोडण्या पोचल्या. पुन्हा भरलेलं सिलिंडर परवडणं हा प्रश्न आजही अनेक घरांत उभा आहे.

शिवाय आपल्याकडे लाकडाची किंमत फक्त धुरात मोजून भागत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, चिमूर या पट्ट्यात सरपण, मोहफुलं आणि तेंदूपानांसाठी जंगलात गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. वाकून काटक्या वेचणारी बाई वाघाला दुरून माणसासारखी दिसत नाही. २०१५ च्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत व्याघ्र प्रकल्पांच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांना गॅस द्यायचं ठरलं, त्यामागे हेही कारण आहे. एक सिलिंडर म्हणजे नऊ खेपा वाचल्या, हे गणित ताडोबाच्या कडेला जिवाचं गणित होतं.

जंगल वर्षाला किती वाढतं?

आता मुख्य प्रश्न. जंगलातून किती लाकूड घेतलं तर जंगल शाबूत राहतं?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या मालगुजारी तलावांचा विचार करा. तलावात पाणी किती आहे हे बघून धान लावत नाहीत, दर पावसाळ्यात त्यात किती नवं पाणी येतं ते बघून लावतात. साठा हा आकडा डोळ्यांत भरतो, पण खायची असते ती दरवर्षीची आवक. जंगलाचंही तसंच. पेंचच्या रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना उभा दिसतो तो साठा, साठ-सत्तर वर्षांत जमलेला. दरवर्षीची वाढ मात्र थोडी असते. आपल्या देशातल्या नैसर्गिक जंगलाची वाढ हेक्टरमागे वर्षाला एक घनमीटरही भरत नाही. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आपला साग, ऐन, धावडा जवळपास थांबलेलाच असतो. सोयीसाठी हेक्टरमागे वर्षाला अर्धा टन कोरडं लाकूड धरू. हा ढोबळ आकडा आहे. तो दुप्पट धरला तरी पुढच्या चित्राची दिशा बदलत नाही.

शंभर घरांचं गाव घ्या. घरामागे दिवसाला पाच-सहा किलो म्हणजे वर्षाला दोन टन. गावाला २०० टन. अर्ध्या टनानं भागलं तर ४०० हेक्टर जंगलाची वाढ त्या गावाला पुरते. आता गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आठवा. २००९ मध्ये देशात सगळ्यात आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी ते एक. त्यांच्याकडे सुमारे १,८०० हेक्टर जंगल आहे आणि गाव छोटं आहे. अशा गावानं स्वतःच्या जंगलातलं वाळलेलं लाकूड चुलीत घातलं तर जंगल संपत नाही. हिशेबात भरपूर जागा उरते, पाखरांनाही आणि वाळवीलाही.

आणि आता नागपूरहून सावनेरच्या रस्त्याला लागा. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. तिथे ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यातला फक्त एक संच कोळशाऐवजी लाकडावर चालवायचा ठरवला तर? एक युनिट वीज करायला चांगल्या केंद्रातही किमान ६५० ग्रॅम कोरडं लाकूड लागेल. पूर्ण भारावर तासाला ४३० टन. दहा टनांचा ट्रक धरला तर दर दीड मिनिटाला एक ट्रक फाटकातून आत यायला हवा, दिवसरात्र. वर्षातला ८० टक्के काळ संच चालला तर सुमारे ३० लाख टन. अर्ध्या टनानं भागा : ६० लाख हेक्टर, म्हणजे ६०,००० चौरस किलोमीटर. वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार सगळ्या महाराष्ट्राचं वनाच्छादन सुमारे ५०,८०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे सह्याद्रीपासून भामरागडपर्यंतच्या सगळ्या जंगलाची सगळी वाढ एका संचाला पुरत नाही. शिवाय कोराडीत तसे तीन संच, पलीकडे खापरखेडा आणि भंडाऱ्याच्या वाटेवर मौदा, हीही वीजकेंद्रंच.

मला जे सांगायचं आहे ते या दोन परिच्छेदांत आहे. लाकूड हे गावापुरतं, चुलीपुरतं, फार तर एखाद्या लहान कारखान्याच्या बॉयलरपुरतं इंधन आहे. जिथे वाढलं तिथून फार लांब नेलं, किंवा मोठ्या भट्टीच्या तोंडी दिलं, की ते जंगल खायला लागतं. त्यामुळे ‘लाकूड नैसर्गिक आहे, पुन्हा उगवतं, म्हणून चांगलं’ हे वाक्यही अर्धवट, आणि ‘लाकूड जाळणं म्हणजे जंगलतोड’ हेही अर्धवट. किती आणि कुठलं, हे विचारल्याशिवाय दोन्हींना अर्थ येत नाही.

गावांचा भार मिळून किती होतो, हेही लपवून चालणार नाही. वन सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालात जंगलाला लागून असलेल्या गावांनी देशभरात वर्षाला जंगलातून नेलेलं सरपण ८ कोटी ५० लाख टनांच्या वर मोजलं होतं. आणि सरपणासाठी जंगलावर सगळ्यात जास्त अवलंबून असलेलं राज्य आपलं, महाराष्ट्र, होतं. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा एकदा वाचला. एकेका गावाचं गणित जुळतं, पण जिथे गावं दाट आणि जंगल पातळ आहे, तिथे ते जुळत नाही. उमरेडच्या बाजूला रस्त्याकडेची झाडं खांद्यापर्यंत छाटलेली दिसतात ती त्यामुळे.

कार्बनचा गुंता

लाकूड जाळणं ‘कार्बनच्या दृष्टीनं शून्य’ असं म्हणतात. त्यामागची कल्पना साधी आहे : झाडानं हवेतून घेतलेलाच कार्बन जळताना परत हवेत जातो. हे खरं आहे, पण त्यात वेळ धरलेला नाही.

कोरड्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. एक किलो जाळलं की सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेवढ्याच उष्णतेसाठी लाकडातून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशापेक्षा कमी नसतो, थोडा जास्तच असतो. हवामानाच्या हिशेबात वापरले जाणारे आकडे एक गिगाज्यूल उष्णतेमागे लाकडाला ११२ किलो, दगडी कोळशाला ९५ च्या आसपास आणि एलपीजीला ६३ असे आहेत. चिमणीतून निघालेल्या वायूला तो सागाचा की कोळशाचा हे माहीत नसतं.

मग फरक कुठे पडतो? कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता, तो आपण पुन्हा खाली पाठवू शकत नाही. लाकडातला परत झाडात जाऊ शकतो, पण झाड वाढेल त्या गतीनं. साठ वर्षांचा साग एका दुपारी जाळला तर तेवढा कार्बन परत ओढून घ्यायला नव्या सागाला साठ वर्षं लागतील, तेही त्याच जागी साग लावला आणि जगला तर. मधली साठ वर्षं तो कार्बन हवेतच. उलट, खाली पडलेली वाळकी फांदी घ्या. ती वाळवी आणि बुरशीनं पाच-सात वर्षांत खाऊन तसाही कार्बन हवेत सोडलाच असता. ती चुलीत गेली तर हवेचं नुकसान फार थोडं. तेच टालीजवळच्या आरागिरणीतल्या भुशाचं. भुशाच्या शेगडीत ठासून भरलेला भुसा तासन्‌तास मंद जळतो, आणि त्यासाठी वेगळं झाड तोडलेलं नसतं.

म्हणून खोडाचं, फांदीचं आणि भुशाचं लाकूड एकाच खात्यात टाकणं मला चूक वाटतं. जगभर ते झालं आहे. आंतरराष्ट्रीय हिशेबाच्या नियमात लाकडाचा कार्बन झाड तोडलं त्या जमिनीच्या खात्यात धरतात, वीजनिर्मितीच्या खात्यात शून्य लिहितात. दोन्ही खाती एकत्र पाहिली तर त्यात चूक नाही. पण इंग्लंडमधलं ड्रॅक्सचं वीजकेंद्र अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जंगलांतून लाकडाच्या गोळ्या जहाजानं आणून जाळतं, तेव्हा इंग्लंडच्या चिमणीवर शून्य दिसतं आणि तोडलेली झाडं दुसऱ्या देशाच्या वहीत राहतात. आपण त्या वाटेनं जायचं नसेल तर लाकूड कुठल्या जंगलातून आलं हे बघण्याची सवय आत्ताच लावायला हवी.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ च्या केंद्राच्या धोरणानं औष्णिक केंद्रांना कोळशाबरोबर ठरावीक टक्के जैवइंधनाच्या गोळ्या जाळायला सांगितलं. चांगली गोष्ट अशी की त्याचा मुख्य भर शेतातल्या उरलेल्या काडीकचऱ्यावर आहे, जंगलावर नाही. विदर्भाला हे सोयीचं आहे. आपल्या शिवारात दरवर्षी कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, सोयाबीनचं कुटार आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या राईस मिलांचा धानाचा कोंडा निघतो. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांसाठी याच मालाच्या दाबून केलेल्या कांड्या येतात. त्यांना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. नागपूरच्या घाटांवर दहनासाठी ‘मोक्षकाष्ठ’ मिळतं, तेही शेतातल्या काडीकचऱ्याचंच. एका दहनाला साधारण ३०० किलो लाकूड लागतं, म्हणजे सरळ बारा मोळ्या. अंत्यविधीच्या वेळी घरच्यांना कुणी गणित सांगू नये. पण आपल्या पश्चात काय जाळावं, हे आधीच सांगून ठेवता येतं. मी घरी सांगून ठेवलं आहे.

तुराट्यांच्या बाबतीत एक काळजी मात्र वाटते. गरीब घरांत आजही तुराट्या-पऱ्हाट्या हेच फुकटचं जळण आहे. कारखाना त्या विकत घेऊ लागला तर शेतमालकाला पैसे मिळतील, पण शेतमजुराची बाई पुन्हा जंगलाकडे वळेल. आणि सगळा काडीकचरा उचलला तर जमिनीला काय परत जाणार, हेही बघायला हवं.

हक्क कुणाचा, कूप कुणाचा

नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांत आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या काळातला एक शब्द आपल्या भागात अजून जिवंत आहे : निस्तार. गावाला घरगुती गरजेपुरतं सरपण, बांबू, चराई जंगलातून घेण्याची जुनी सवलत. २००६ च्या वनहक्क कायद्यात हा शब्द नावानिशी आला, आणि सवलतीचा हक्क झाला. हा बदल फार मोठा आहे. सवलत घेणारा माणूस आज मिळतंय तोवर ओरबाडतो. हक्क असलेलं गाव पुढच्या वर्षीचाही विचार करतं, कारण पुढच्या वर्षीही जंगल त्याच्याच ताब्यात असणार आहे.

सरकारी बाजूनं व्यवस्था अशी : दर जंगलाची कार्यआयोजना असते, त्यात कोणत्या वर्षी कोणता कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडायचा ते ठरतं. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानंतर मंजूर आयोजनेशिवाय जंगलात तोड करता येत नाही. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय आणि १९७४ मध्ये स्थापन झालेलं वनविकास महामंडळ, दोन्ही आपल्या नागपुरातच आहेत. महामंडळाच्या सागवनात ठरावीक वर्षांनी विरळणी होते, म्हणजे दाटीतली अशक्त झाडं काढतात. त्यातून इमारती लाकूड वेगळं काढून उरलेल्याचे जळाऊ बिट, म्हणजे रचलेले ढीग, लागतात. सागाचा खुंट जिवंत असतो, पहिल्या पावसात त्याला धुमारे फुटतात. आपल्या जंगलाची ही ताकद आहे, पण धुमाऱ्यांना आग आणि गुरं यांपासून दोन-तीन वर्षं सांभाळलं तरच.

एक चूक वनविभागही करतो आणि गावंही करतात : ‘वाळलेलं सगळं उचला.’ उभं वाळलेलं झाड म्हणजे पोपट, घुबड, सुतारपक्ष्यांची ढोली. पडलेला, कुजणारा ओंडका पावसाचं पाणी धरून ठेवतो. हेक्टरमागे चार-दोन अशी झाडं राखली तर चुलीला काही कमी पडत नाही.

मावशीकडे आता गॅस आहे. सकाळचा चहा आणि भाजी गॅसवर होते. आंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर तुराट्यांनी तापतं. गावातल्या चुलींत पाणी तापवण्यातही बरंच लाकूड जातं, म्हणून मला तिची ही वाटणी शहाणपणाची वाटते. जाड फाटे ती लग्नकार्यासाठी आणि थंडीतल्या रात्रींसाठी राखून ठेवते. मागच्या जूनमध्ये गेलो तेव्हा ढग दाटून आले होते आणि ती पडवीत फोडलेले फाटे रचत होती. मी हात लावला, तर तिनं माझ्या हातातला फाटा घेतला, दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकला आणि बाजूला टाकला. ‘हा ओला आहे. पाऊस येऊन राहिला, पहिले वाळलेले आत घे.’